ईसीजी नॉर्मल आहे तोवर

रक्तपेढीचं पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं होतं. तुमचं रक्त वापरलेलं नाही, यापुढे तुम्हाला रक्तदान करता येणार नाही, लवकरात लवकर डॉक्टरांना भेटा. कारण म्हणून एकच ओळ होती: ट्रायपॅनोसोमा क्रूझी या परजीवीविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात आढळल्या. म्हणजे चागास नावाचा आजार.

तेव्हा मी २९ वर्षांची होते, ह्यूस्टनमध्ये नोकरी करत होते आणि मला काहीही होत नव्हतं. ताप नाही, धाप नाही, छातीत धडधड नाही. रोज सकाळी पळायला जात होते. मलेरियाच्या देशांत राहून आलेल्यांना रक्तदानाला काही काळ बंदी असते, ती माझ्यापुरती संपली होती. ऑफिसात शिबिर लागलं, म्हणून रक्त दिलं. अमेरिकेतल्या रक्तपेढ्या २००७ पासून चागाससाठी रक्त तपासायला लागल्या आणि आता प्रत्येक दात्याची ही तपासणी निदान एकदा होतेच. ती नसती तर मला हे कधी कळलं असतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. बहुधा चाळिशीत, कुठेतरी चक्कर येऊन पडल्यावर.

लॅटिन अमेरिकेत कामाला, शिकायला, स्वयंसेवक म्हणून जाणारी आपली मुलंमुली आता बरीच आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

अमेरिकेत येण्याआधी मी बोलिव्हियात होते. दक्षिणेकडच्या चाको भागात, ग्वारानी लोकांच्या गावांमध्ये पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधण्याच्या कामावर. चाको म्हणजे काटेरी झुडपांचा, रणरणत्या उन्हाचा कोरडा मुलूख. बोलिव्हिया, पॅराग्वे आणि अर्जेंटिनात पसरलेला. जगात चागास सगळ्यात जास्त जिथे आढळतो, त्या भागांपैकी हा एक. मुक्काम गावातल्याच एका घरात होता. भिंती कुडाच्या: उभ्या काठ्या, आडव्या कामट्या आणि वर थापलेली माती. ऊन तापलं की माती तडकते आणि त्या भेगांत विंचुका राहायला येतात.

विंचुका हा ढेकणाच्याच गणातला, पण त्याच्याहून कितीतरी मोठा किडा. पूर्ण वाढलेला अडीच-तीन सेंटिमीटर लांब, काळपट, पोटाच्या कडेला फिकट पट्टे. दिवसा भेगांत, छपरात, कोंबड्यांच्या खुराड्यात दडून बसतो आणि रात्री माणूस, कुत्रा, कोंबडी, जे सापडेल त्याचं रक्त पितो. (कोंबडीला हा रोग होत नाही, पण तिच्या रक्तावर किडे पोसले जातात, म्हणून खुराडं घराला चिकटून असणं वाईट.) चावलेलं बहुतेक वेळा कळतच नाही. परजीवी त्याच्या सोंडेतून येत नाही. रक्त पिऊन फुगलेला किडा तिथेच विष्ठा टाकतो, झोपेत खाजवताना ती चाव्याच्या जखमेत किंवा डोळ्यात जाते आणि तिच्यातून परजीवी शरीरात शिरतो.

माझ्या खाटेमागच्या भिंतीवर वरून खाली ओघळलेले काळे-पांढरे डाग होते. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला तिथे उभं केलं आणि एकेका डागावर बोट रोखून सांगितलं, हा जुना, हा ताजा. ताजा डाग टॉर्चच्या उजेडात ओलसर चमकत होता. त्यांनी बाजूच्या भेगेत एक काडी घातली, हळूहळू फिरवली, आणि बाहेर आलेल्या किड्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून तो आत घेतला, वर गाठ मारली. हाताने धरायचा नाही, चिरडायचा तर मुळीच नाही. पिशवीवर घराचं नाव लिहून ती आरोग्यकेंद्रात द्यायची, म्हणजे फवारणीवाले येतात. येतही होते. पण चाकोत बऱ्याच ठिकाणी विंचुका आता फवारणीच्या नेहमीच्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना दाद देत नाहीत. फवारलेल्या भिंतीतून महिन्याभरात पुन्हा निघताना मी पाहिल्यात. मी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचे. तरीही झाला.

बाईंचा धाकटा भाऊ आमच्याच टाकीच्या कामावर होता. तिशी नुकतीच ओलांडलेला, अंगाने चांगला दणकट. सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन चढ चढताना मध्येच थांबायचा, गोणी खाली ठेवायचा, स्वतःचं मनगट धरून उभा राहायचा. ठोके चुकतात, म्हणायचा. पुढे सांताक्रूझ शहरात नेऊन त्याला पेसमेकर बसवला. ते पत्र हातात आल्यावर सगळ्यात आधी तोच आठवला. पेसमेकर बसला तेव्हा तो आजच्या माझ्याहून फार मोठा नव्हता.

मी ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "हे बहुधा फॉल्स पॉझिटिव्ह असेल, काळजी करू नका." तसं होतं खरं. ज्यांचा लॅटिन अमेरिकेशी कधी संबंध आला नाही अशा दात्यांमध्ये ही पहिली चाचणी बऱ्याचदा उगाच पॉझिटिव्ह येते. पण त्यांनी हे माझं भारतीय नाव बघून ठरवलं होतं. याआधी कुठे राहत होतात, कसल्या घरात राहत होतात, हे विचारलंच नव्हतं. मी कुडाच्या भिंतींचं सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याच दिवशी संसर्गरोगतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. हे मुद्दाम लिहितेय. आपल्या चेहऱ्यावरून चागास कोणाच्या डोक्यात येणार नाही. कुठे राहिलो ते आपण होऊन सांगावं लागतं, आणि ठामपणे सांगावं लागतं.

चागासचं निदान एका चाचणीवर होत नाही. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी अँटिबॉडी शोधतात. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तर रोग आहे असं धरतात, एक आली आणि एक नाही तर तिसरी करतात. मला आधी वाटलं होतं की परजीवीचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी केली की प्रश्न मिटला. तसं नसतं. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि नवजात बाळात पीसीआरचा चांगला उपयोग होतो. जुन्या संसर्गात मात्र परजीवी रक्तात इतके विरळ असतात की पीसीआर निगेटिव्ह आली तरी रोग नाही असं म्हणता येत नाही. माझा नमुना राज्याच्या प्रयोगशाळेमार्फत अटलांटाला सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेकडे गेला. उत्तर यायला वेळ लागला. दोन्ही पॉझिटिव्ह.

आईला फोनवर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "ताप येतोय का गं?"

"नाही."

"दम लागतो?"

"नाही."

"मग झालंय काय तुला?"

या प्रश्नाचं उत्तर तिला देता देता मलाही हा आजार नीट कळत गेला. संसर्ग झाल्यावर पहिले एक-दोन महिने परजीवी रक्तात भरपूर असतात. कुणाला ताप येतो, कुणाची एका डोळ्याची पापणी सुजते, बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मग सगळं शांत होतं. परजीवी जात नाहीत; ते स्नायूंच्या पेशींत, मुख्यतः हृदयाच्या, मुक्काम ठोकतात. अशी माणसं वर्षानुवर्षं ठणठणीत असतात. दहातली सात जन्मभर तशीच राहतात. उरलेल्या तिघांचं हृदय मात्र दहा, वीस, तीस वर्षांत हळूहळू बिघडत जातं. शरीर त्या परजीवींशी आतल्या आत झुंजत राहतं, त्या झुंजीत हृदयाच्या स्नायूची जागा व्रणासारखी कडक ऊती घेते, ठोके नेणारे तंतू तुटतात, कप्पे सैल होऊन पसरतात. दहातल्या एखाद्याची अन्ननलिका किंवा मोठं आतडं फुगतं, ती आणखी वेगळी व्यथा.

आई म्हणाली, "दहातली सात ठीक राहतात ना? मग तू त्या सातांतली." तिला मी बेरेनिसची गोष्टही सांगितली. १९०९ मध्ये ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यात, लासान्स नावाच्या गावी, कार्लोस चागास या तरुण डॉक्टरने दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तात हा परजीवी पाहिला. ती बेरेनिस. हा रोग माणसात ओळखला गेलेली ती पहिली. सत्तरी ओलांडेपर्यंत ती जगली आणि कित्येक दशकांनंतरही परजीवी तिच्या रक्तात होता. तिच्यात तो सापडला तो १४ एप्रिलचा दिवस आता जागतिक चागास दिन म्हणून पाळतात. आईला ही गोष्ट फार आवडली, तिने ती नातेवाइकांत सगळ्यांना सांगितली. मला ती पुरेशी नव्हती. कारण आपण सातांतले की तिघांतले, हे आधी सांगणारी चाचणी नाही. बेरेनिसला धीर देणारे होते, तसे त्या भावालाही असतीलच.

आता हृदय कुठल्या अवस्थेत आहे ते बघायचं होतं. माझं नशीब असं की हृदयरोगतज्ज्ञ साओ पावलोत शिकलेले होते, चागास त्यांनी पुस्तकाबाहेरही पाहिला होता. साधा ईसीजी हा या रोगातला सगळ्यात महत्त्वाचा कागद, हे त्यांनी सांगितलं. हृदयाला ठोक्याचा संदेश दोन शाखांमधून जातो. उजवी शाखा बारीक आणि लांब, ती आधी निकामी होते. त्याला राइट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात. त्याच्या जोडीला डाव्या शाखेच्या पुढच्या फांदीतही अडथळा दिसला आणि माणूस लॅटिन अमेरिकेतला असला, तर चागासची तपासणी झालीच पाहिजे. तिशीतल्या माणसाच्या ईसीजीत हे दिसलं की पुष्कळ ठिकाणी 'जन्मापासून असेल' म्हणून सोडून देतात, आणि तरुण बाईची धडधड 'टेन्शन' म्हणून. चागासच्या हृदयविकारात मृत्यू बऱ्याचदा अचानक येतो, हार्ट फेल होण्याची वाट न बघता. ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस कोसळतो. कधी कधी आजाराची पहिली खूण तीच असते. मला हे ऐकताना राग आला होता, आजही येतो. दहा मिनिटांचा ईसीजी आणि 'तुम्ही कुठे राहत होतात' एवढा एक प्रश्न, यावर कित्येकांचं निदान वेळेत होऊ शकतं.

माझा ईसीजी नॉर्मल आला.

टूडी इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, मात्र बराच वेळ लागला. डाव्या कुशीवर झोपवून, डावा हात डोक्याखाली घ्यायला लावून तंत्रज्ञ बाईंनी आधी नेहमीचं सगळं मोजलं. मग जेल पुन्हा लावून प्रोब छातीच्या डावीकडे अगदी खाली, दोन फासळ्यांच्या मध्ये दाबला. "श्वास पूर्ण सोडा. थांबा. आता घ्या." पुन्हा अर्धा इंच खाली. पुन्हा श्वास सोडा. पडद्यावर डाव्या कप्प्याचं टोक येत होतं आणि फासळीच्या सावलीत नाहीसं होत होतं. त्यांना तेच टोक हवं होतं. चागासमध्ये तिथली भिंत पातळ पडून फुगवटा येतो; त्या फुगवट्यात रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. हृदयाचं पंपिंग उत्तम असतानाही हा छोटा फुगवटा असू शकतो, आणि घाईने केलेल्या इकोत तो निसटतो. शेवटी एका कोनात टोक स्वच्छ दिसलं. प्रत्येक ठोक्याला ते बाकीच्या भिंतीबरोबर आत येत होतं. बाईंनी चित्र थांबवलं, आणखी दोन-तीन ठोके नोंदवून घेतले आणि मानेने हलकेच होकार दिला. त्यांना निष्कर्ष सांगायची परवानगी नसते, पण तेवढ्याने मला रडू आलं. पंपिंग साठ टक्क्यांच्या वर, म्हणजे नॉर्मल होतं. चोवीस तास अंगावर यंत्र लावून ठोके नोंदवतात त्या होल्टरमध्ये थोडे जास्तीचे ठोके निघाले, ते कुणाच्याही निघतात.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "हृदय छान आहे. म्हणूनच औषध आत्ता घ्यायचं."

मला हे उलटं वाटलं. छान आहे तर दोन महिने विषारी गोळ्या कशाला? त्यांनी मला दोन अभ्यास दाखवले. पहिला बेनिफिट नावाचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील, कोलंबिया आणि एल साल्वादोर या देशांतले २,८५४ रुग्ण, सगळे असे की ज्यांच्या हृदयात चागासने आधीच बिघाड केलेला होता. निम्म्यांना बेंझनिडाझोल हे परजीवी मारणारं औषध, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं. औषधाने रक्तातला परजीवी कमी झाला, पण हृदय बिघडत जाण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे एकदा नासधूस झाली की परजीवी मारूनही ती पुरेशी थांबत नाही. दुसरा अभ्यास त्याआधीचा, अर्जेंटिनातला, २००६ मध्ये आलेला. त्यातले ५६६ रुग्ण ३० ते ५० वयाचे होते आणि कुणाचंही हृदय निकामी झालेलं नव्हतं. औषध घेतलेल्यांपैकी ४ टक्क्यांचा आजार पुढे सरकला, न घेतलेल्यांपैकी १४ टक्क्यांचा. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नव्हता, त्यामुळे त्याचं वजन बेनिफिटइतकं नाही, हेही डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. पण दोन्ही शेजारी ठेवल्यावर माझा निर्णय झाला. औषधाचा उपयोग व्हायचा तर तो आत्ता होणार होता, मला काहीही होत नसताना.

शिवाय आम्हाला मूल हवं होतं. चागास झालेल्या आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास आहे. गरोदरपणाआधी आईने उपचार घेतले तर ती भीती जवळजवळ उरत नाही. गरोदरपणात मात्र हे औषध देत नाहीत. माझ्यासाठी हे कारण आकडेवारीहून मोठं होतं, आणि चागास असलेल्या कुठल्याही तरुण बाईला हे सगळ्यात आधी सांगितलं गेलं पाहिजे असं मला वाटतं. मला मी विचारल्यावर सांगितलं.

बेंझनिडाझोल हे काही नवं औषध नाही. रोश या औषध कंपनीने ते १९७०च्या दशकात आणलं. नंतर त्यांनी ते बनवण्याचं तंत्र ब्राझीलमधल्या पर्नाम्बुको राज्याच्या सरकारी औषध कारखान्याला दिलं. जगात ते बनवणारा तो एकच कारखाना उरला, आणि २०११ मध्ये तिथलं उत्पादन अडल्यावर निदान झालेले रुग्ण गोळ्यांविना ताटकळले. लाखो माणसांच्या आजाराचं औषध आणि बनवणारा एक. श्रीमंतांना होणाऱ्या रोगाच्या बाबतीत हे एक दिवस तरी चाललं असतं का? पुढे अर्जेंटिनातही ते बनायला लागलं. अमेरिकेत एफडीए या औषध नियामक संस्थेची मान्यता २०१७ मध्ये मिळाली, तीही २ ते १२ वयाच्या मुलांपुरती. मोठ्यांना डॉक्टर आपल्या अधिकारात लिहून देतात, ते नियमाला धरूनच आहे. विमा कंपनीला पटवण्यात मात्र माझ्या डॉक्टरांची दोन-तीन पत्रं खर्ची पडली.

मात्रा वजनावर ठरते. मला दर किलोला रोज ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून, ६० दिवस. गोळीवर अधिकाच्या चिन्हासारखी खाच असते, चार तुकडे होतात. दारू पूर्ण वर्ज्य, गर्भनिरोधन सक्तीचं. सुरू करण्याआधी रक्ताची आणि लिव्हरची तपासणी, मग दर दोन-तीन आठवड्यांनी तीच. पहिला आठवडा काहीच झालं नाही. मी मनातल्या मनात खूश होते.

दुसऱ्या आठवड्यात मांडीच्या आतल्या बाजूला बारीक लाल पुरळ उठलं. दोन दिवसांत ते पोटावर, पाठीवर, दंडांवर पसरलं. खाज अशी की रात्री ओला टॉवेल गुंडाळून बसायचे. नर्सने पहिल्याच दिवशी एक कागद दिला होता, त्यावर तीन गोष्टी अधोरेखित होत्या: ताप, तोंडात किंवा ओठांवर फोड, डोळ्यांची आग. यातलं काहीही झालं तर गोळी बंद आणि तडक इमर्जन्सीत. रोज सकाळी आरशासमोर तोंड उघडून बघायचे, थर्मामीटर लावायचे, मग गोळी घ्यायचे. यातलं काही झालं नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि थोडे दिवस स्टेरॉइड यांवर पुरळ आटोक्यात आलं, आणि उतरताना कातडीची पापुद्र्यासारखी सालं निघाली. ज्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं ते इथेच औषध सोडतात. प्रौढांमध्ये अर्धवट सोडणारे बरेच असतात असं डॉक्टर म्हणाले, आणि पुरळ हे त्याचं पहिलं कारण.

महिन्यानंतर तोंडाची चव गेली, वजन उतरलं, झोप तुटक झाली. शेवटच्या दिवसांत तळपायांना मुंग्या यायला लागल्या. हे मला पुरळापेक्षा जास्त लागलं, कारण नसांवरचा हा परिणाम वाढला तर औषध थांबवावं लागतं आणि इतकं सोसून शेवटी अडायचं नव्हतं. डॉक्टरांनी पायांना टाचणीचं टोक टेकवून, घोट्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क धरून कंप कळतो का ते बघितलं. कळत होता. पांढऱ्या पेशी थोड्या उतरल्या होत्या, पण धोक्याच्या पातळीखाली गेल्या नव्हत्या. पुढे चालू ठेवा, म्हणाले. कोर्स पूर्ण झाला. मुंग्या जायला पुढचे कित्येक महिने गेले.

सगळे विचारतात, मग आता बरी झालीस ना? याला सरळ उत्तर नाही. मोठ्या माणसांत या अँटिबॉडी रक्तातून जायला वर्षानुवर्षं लागतात, दहा-वीसही. पीसीआर निगेटिव्ह आली, पण तिच्यावर किती विसंबायचं ते वर लिहिलंच आहे. त्यामुळे 'बरी झाली' असा शिक्का मारणारा कागद मला कुणी देऊ शकत नाही. मी पळायला जाते, व्यायामाला कुणी मनाई केलेली नाही. वर्षातून एकदा ईसीजी काढायचा आणि जुन्याशी ताडून बघायचा. बदल दिसला तर इको आणि होल्टर. चक्कर, बेशुद्धी किंवा अकारण धडधड झाली तर वर्ष भरायची वाट न बघता जायचं. प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलंही औषध पुढे कधी घ्यायची वेळ आली तर चागासचं आधी सांगायचं, कारण दबून बसलेला परजीवी अशा वेळी उसळतो आणि थेट हृदयावर नाहीतर मेंदूवर जातो. रक्तदान कायमचं बंद, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कोर्स चालू असतानाच मी टाकीच्या कामावरच्या जुन्या सहकाऱ्यांना एकेकाला कळवलं. काही जण युरोपात आहेत, काही लिमात, काही तिथेच. माद्रिदमधली एक मैत्रीण पॉझिटिव्ह निघाली, ईसीजी नॉर्मल, तिनेही गोळ्या घेतल्या. एकाने अजून तपासलेलं नाही. त्याला मी दर थोड्या दिवसांनी विचारते, तो चिडतो, तरी विचारते.

घरमालकीणबाईंच्या दोन्ही मुलींनी तपासून घेतलं. बोलिव्हियात चागासची तपासणी आणि औषध सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतं, पण गावापासून ईसीजीच्या मशिनपर्यंत जायचा दिवस आणि बसभाडं मोफत नसतं. थोरली चौतीस वर्षांची आहे, तिच्या ईसीजीत राइट बंडल ब्रँच ब्लॉक निघाला. गोळ्यांचा तिला कितपत फायदा होईल हे सांगता येत नाही असं तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि आधी होल्टर करायला सांताक्रूझला पाठवलं. मामा तिच्याबरोबर गेला, पेसमेकरवाला.

धाकटी बाविशीची, पॉझिटिव्ह, ईसीजी नॉर्मल, आणि कळलं तेव्हा सहा महिन्यांची गरोदर. त्यामुळे तिला थांबावं लागलं. बाळ झाल्याबरोबर त्याच्या रक्तात परजीवी आहे का ते बघितलं, दिसला नाही. अँटिबॉडी तेव्हा तपासून उपयोग नसतो, कारण आईच्याच बाळात उतरलेल्या असतात. त्या ओसरल्यावर, आठ-दहा महिन्यांनी तपासायचं. त्यात पॉझिटिव्ह निघालं तरी पहिल्या वर्षात औषध दिलं तर शंभरातली नव्वदहून जास्त बाळं पूर्ण बरी होतात. तिच्या बाळाची ती तपासणी पुढच्या महिन्यात आहे. अंगावरचं दूध तुटलं की तिच्या स्वतःच्या गोळ्या सुरू होतील. नर्सच्या कागदावरच्या त्या तीन गोष्टी मी तिला आत्ताच स्पॅनिशमध्ये लिहून पाठवल्यात, आणि पुरळ आलं तर गोळी सोडण्याआधी मला फोन कर, असं सांगून ठेवलंय.